एकट्याने, पायी : सोलापूरचा एक दिवस

मी सोलापूरला सकाळी उतरलो आणि सरळ भुईकोट गाठला. बहामनी काळातला हा किल्ला, दुहेरी तटाचा. तीन बाजूंना खंदक, चौथ्या बाजूला तलाव. मे 1818 मध्ये ब्रिटिश सेनानी मन्रोने वेढा घालून तो पेशव्यांकडून घेतला. तटावर उभं राहिलं की खाली पाण्यात सिद्धेश्वर मंदिर दिसतं. एकटं हिंडण्याचा फायदा असा, की इथे तासभर नुसतं बसलं तरी कुणी ‘चला आता’ म्हणत नाही!

बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांचं हे गाव. संक्रांतीच्या आसपास या, उंचच उंच नंदीध्वज मिरवताना दिसतील.

डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं घर चुकवू नका. 1910 चा जन्म इथलाच. 1938 मध्ये वैद्यकीय पथकासोबत ते चीनला गेले, तिथेच 1942 मध्ये वारले. वय अवघं 32. आता या घरात त्यांचं स्मारक आहे.

चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी मात्र पाय थबकतात. 1930 मध्ये सोलापुरात मार्शल लॉ लागला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन यांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात फाशी झाली. चार नावं नीट वाचा. सोलापूर कसलं गाव आहे ते कळतं.

दुपारी कडक भाकरी, शेंगाचटणी, वर दही. मग पूर्व भागात चादरी बघायला गेलो. विणकरांच्या गल्ल्यांत तेलुगू कानावर पडते, बाजारात कन्नड. चादर एकच घेणार होतो. तीन झाल्या.