मेझुझा : यहुदी घराच्या दारचौकटीवरील लेख

व्याख्या. शुद्ध प्राण्याच्या कातड्याच्या चर्मपत्रावर हिब्रू लेखकाने टाकाने व काळ्या शाईने लिहिलेली, अनुवाद ग्रंथातील दोन उताऱ्यांची (६:४-९ व ११:१३-२१) गुंडाळी म्हणजे मेझुझा. ओळी २२, अक्षरे ७१३. त्यांतील एक जरी गळाले, तरी संपूर्ण लेख बाद ठरतो.

आवरण. पावित्र्य चर्मपत्राचे, डबीचे नव्हे. आणि शास्त्राने डबीला घाट नेमून न दिल्यामुळेच चांदी, पितळ, लाकूड, काच, चिनीमाती अशा नाना द्रव्यांत देशोदेशींच्या कारागिरांचे सारे कौशल्य तिच्यावर मोकळेपणे प्रकट झाले. दर्शनी बाजूस बहुधा 'शिन' हे अक्षर, 'शद्दाय' या ईश्वरनामाचे आद्याक्षर.

जागा. आत शिरताना उजव्या हाताची चौकट, तिच्या वरच्या तृतीयांशाचा खालचा भाग. स्नानगृह व शौचालय वगळून राहत्या खोल्यांनाही. इस्राएलबाहेर भाड्याच्या घरात ३० दिवसांच्या आत. येताजाता बोटांनी स्पर्श करून बोटे ओठांना लावण्याचा प्रघात.

उभी की तिरकी? राशी या भाष्यकाराच्या मते उभी, त्याचा नातू रब्बेनु ताम याच्या मते आडवी; अश्केनाझी (मध्य व पूर्व युरोपीय परंपरेच्या) यहुदींनी तडजोड म्हणून ती तिरकी केली, सेफार्दी (स्पेन-पोर्तुगालच्या परंपरेच्या) यहुदींनी उभीच ठेवली.

तपासणी. घरगुती मेझुझाची सात वर्षांत दोनदा. यहुदी वस्ती असलेल्या कोकणच्या दमट हवेत शाई व चर्मपत्र जपणे विशेष अगत्याचे.

ठाणे. कोकणात तेलाचे घाणे चालवणारे व शब्बाथ पाळून शनिवारी ते बंद ठेवणारे म्हणून 'शनिवार तेली' ही संज्ञा पावलेले, मराठी मातृभाषा असलेले बेने इस्राएल. त्यांचे ठाण्यातील सिनेगॉग (प्रार्थनामंदिर) 'शआर हाशामायिम', अर्थात स्वर्गद्वार, स्थापना १८७९. उपासनापद्धती सेफार्दी. महाराष्ट्रात यहुदींना अल्पसंख्याक दर्जा : २०१६.