वस्तीतल्या मुलांचे स्वतःचे नाटक

सहावी ते आठवीच्या वयातील मुलांना ‘वर्षभरात तुमच्यात काय बदल झाला’ असे थेट विचारले, तर मोठ्यांना ऐकायला आवडेल तेच उत्तर बहुधा मिळते. मात्र तोच प्रश्न एखाद्या पात्राच्या आडून समोर आला, तर मुलांना स्वतःकडे जरा दुरून पाहता येते. ठाण्यातील ‘वंचितांचा रंगमंच’ हा उपक्रम नेमक्या याच सोयीवर उभा आहे. ज्येष्ठ नाटककार रत्नाकर मतकरी यांच्या कल्पनेतून आणि समता विचार प्रसारक संस्थेच्या पुढाकाराने तो २०१४ साली सुरू झाला, आणि त्यात होणारा नाटिकांचा महोत्सव ‘नाट्यजल्लोष’ या नावाने ओळखला जातो.

ही संस्था प्रतिकूल परिस्थितीतून दहावी उत्तीर्ण होणाऱ्या मुलांना ‘एकलव्य गौरव पुरस्कार’ देते, आणि त्यात टक्केवारीपेक्षा तिथवर पोहोचण्याच्या कष्टांना मोल असते. मतकरींचे नाव १९५९ च्या ‘मधुमंजिरी’पासून बालरंगभूमीशी जोडलेले होते, ‘निम्मा शिम्मा राक्षस’ आणि ‘अलबत्या गलबत्या’ यांसारखी त्यांची नाटके मोठ्यांनी मुलांसाठी रचलेली अद्भुताची दुनिया होती. ज्याच्या हाती अशी लेखणी आहे, त्याने ती बाजूला ठेवून वस्तीतील मुलामुलींना ‘विषय तुमचा, संवादही तुमचेच’ अशी मोकळीक द्यावी, ही या उपक्रमातील सर्वांत धाडसी गोष्ट म्हटली पाहिजे.

अशी नाटिका उत्स्फूर्त अभिनयातून, म्हणजे लिखित संहितेशिवाय प्रसंग करून पाहण्यातून, आकार घेते. समजा, घरातील दारूच्या व्यसनावर नाटिका बसते आहे आणि बापाची भूमिका एका तेरा वर्षांच्या मुलाकडे आली आहे; पहिल्या तालमीत तो झिंगून दाखवतो आणि सगळे हसतात, पण कामावरून रिकाम्या हाताने परतलेला हा माणूस दारात काय बोलेल, असे विचारल्यावर नुसती नक्कल पुरत नाही, वाक्य शोधावे लागते. ते वाक्य चार तालमींत चार वेळा बदलते, आणि मुलाची समज कुठून कुठे आली याचा माग त्या बदलांतच लागतो. मुलांच्या वाढीची याहून विश्वासार्ह नोंद क्वचितच मिळेल.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने पुढे आणलेल्या समग्र प्रगतिपत्रकातही शिक्षकांच्या शेऱ्यांबरोबर आत्ममूल्यमापनाला, म्हणजे विद्यार्थ्याने स्वतःच्या प्रगतीचा स्वतः अंदाज घेण्याला, तसेच सहाध्यायींच्या मताला जागा दिली आहे. हेतू स्वागतार्ह आहे. पण रकाने भरण्याची सवय आपल्या शाळांच्या अंगवळणी इतकी पडली आहे की हाही एक रकानाच ठरण्याची धास्ती वाटते. तालमीत मात्र सहाध्यायींचे मत मागावे लागत नाही, कारण समोरच्याला वाक्य पटले नाही की प्रसंगच पुढे सरकत नाही.

मुलांनी रचलेल्या नाटिकांचा एक दोष खरा आहे: शेवटी कोणीतरी पुढे येऊन बोध सांगतो, बाप एका प्रसंगात सुधारतो आणि टाळ्या पडतात. हे वळण मुलांनी मोठ्यांच्याच भाषणांतून उचललेले असते, त्यामुळे ते सोडवण्याचे कामही मार्गदर्शकाकडे येते. मतकरी मे २०२० मध्ये गेले, तरी संस्थेने हा उपक्रम चालू ठेवला. आता मुलांच्या हातून संहिता काढून न घेता त्यांना तो सोपा शेवट टाळायला लावणारे रंगकर्मी त्याला सातत्याने मिळत राहणे महत्त्वाचे आहे.