मॉर्मन मिशनरी पगारी नसतात

पांढरा शर्ट, टाय आणि छातीवर काळी नामपट्टी असलेले दोन तरुण दिसले, की ते चर्चचे पगारी प्रचारक असावेत असा समज होतो. तो साहजिक आहे, पण बरोबर नाही. 'चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स' या, अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीत मुख्यालय असलेल्या, मॉर्मन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पंथाचे हे स्वयंसेवक असतात. मुलगे 18व्या वर्षापासून जाऊ शकतात आणि 24 महिने सेवा करतात. तरुणी 18 महिने. खर्चाचा भार बहुधा स्वतःची बचत आणि घरचे लोक उचलतात. वारीला निघालेल्याला कोणी पगार देत नाही, तसेच हे. फरक इतकाच, की इथे मुक्कामाचा देश चर्च ठरवते.

दिवस साधारण सकाळी साडेसहाला सुरू होतो. प्रार्थना आणि ग्रंथवाचन झाले, की बाहेर पडायचे, तेही एकट्याने नाही. 'कम्पॅनियन' (नेमून दिलेला जोडीदार) कायम सोबत असतो आणि काही आठवड्यांनी, महिन्यांनी बदलतो. स्वभाव जुळो न जुळो, एकाच खोलीत राहायचे. माझ्या मते श्रद्धेचा खरा कस इथेच लागतो. दारोदारी मिळणारा नकार त्यामानाने सोपा असावा. आठवड्यातला एक दिवस कपडे धुणे, बाजारहाट आणि घरी पत्र लिहिणे यांसाठी मोकळा असतो. 2019 पासून त्यांना दर आठवड्याला घरी फोन करण्याचीही मुभा आहे. मुदत संपली, की बहुतेक जण कॉलेजात किंवा नोकरीवर परततात.