कोरड्या बर्फाद्वारे औद्योगिक स्वच्छता : पर्यावरणीय लाभ व मर्यादा

प्रस्तावना
औद्योगिक प्रदूषणाचा विचार करताना लक्ष प्रामुख्याने धुराड्यांकडे व सांडपाण्याच्या नाल्यांकडे जाते. यंत्रांची सफाई हाही प्रदूषणाचा एक स्रोत आहे, ही बाब मात्र दुर्लक्षित राहते. नागपूर परिसरात हिंगणा व बुटीबोरी येथे औद्योगिक वसाहती, तर कोराडी व खापरखेडा येथे औष्णिक विद्युत केंद्रे आहेत. नाग नदीचे पाणी कन्हान व वैनगंगेमार्फत गोसीखुर्द जलाशयात पोहोचते. त्यामुळे तेल, रंग वा रसायने मिसळलेले धुण्याचे पाणी कमी होणे येथे विशेष महत्त्वाचे ठरते. या दृष्टीने कोरड्या बर्फाने होणाऱ्या सफाईचा परिचय करून देणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

प्रक्रियेचे स्वरूप
कोरडा बर्फ म्हणजे घनरूप कार्बन डायऑक्साइड होय. सामान्य वातावरणीय दाबाखाली तो उणे ७८.५ अंश सेल्सिअस तापमानाला द्रवरूप न होता थेट वायुरूप होतो. या क्रियेस संप्लवन असे म्हणतात. सुमारे ३ मिलिमीटर व्यासाच्या बर्फाच्या कांड्यांचा संपीडित हवेच्या झोतातून यंत्रावर मारा केला जातो. आघाताने मळाला तडे जातात, थंडीने तो ठिसूळ होतो आणि बर्फाचा वायू होताना आकारमान शेकडो पटींनी वाढल्याने तो पृष्ठभागापासून सुटतो.

पर्यावरणीय लाभ
१) वाळूच्या माऱ्यानंतर मळासोबत दूषित वाळूही उरते, येथे बर्फ उडून जातो व केवळ मळ उरतो.
२) पाणी लागत नसल्याने सांडपाणी निर्माण होत नाही.
३) वाळूतील सिलिकाच्या धुळीमुळे होणाऱ्या सिलिकोसिस या असाध्य रोगाचा धोका टळतो.
४) द्रावकांची गरज घटते. सफाईसाठी वापरले जाणारे कार्बन टेट्राक्लोराइड ओझोन थरास घातक असल्याने १९८७ च्या मॉन्ट्रियल करारान्वये असे वापर बंद करावे लागले, हे येथे लक्षात घ्यावे.

मर्यादा
कार्बन डायऑक्साइड हा हरितगृह वायू आहे, हा आक्षेप रास्त होय. अमोनिया कारखाने व मद्यार्क निर्मितीतील उपउत्पादन म्हणून मिळालेला वायू वापरल्यास तो सफाईसाठी नव्याने निर्माण होत नाही. तथापि अखेर तो हवेतच जातो. शिवाय वायूचे द्रवीकरण व हवेचे संपीडन यांसाठी लागणारी वीज विदर्भात मुख्यतः कोळशापासून बनते. नागपूरच्या कडक उन्हाळ्यात वाहतूक व साठवणीत बर्फाची घटही अधिक होते. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने बंदिस्त जागेत खाली साचून कामगार गुदमरू शकतो. म्हणून वायुवीजन व वायुमापक अनिवार्य मानावेत. सुटलेला मळ शिसेयुक्त रंगाचा असेल, तर तो घातक कचराच राहतो आणि त्याची विल्हेवाट २०१६ च्या नियमांनुसारच लावावी लागते.

निष्कर्ष
या पद्धतीने मळ नाहीसा होत नाही. तो पाण्यात व वाळूत मिसळण्यापासून वाचतो व थोडक्या जागेत गोळा करता येतो. हाच तिचा खरा लाभ होय. म्हणून ती स्वीकारताना कारखान्यांनी वाचलेल्या पाण्यासोबत खर्च झालेल्या विजेचा व वायूच्या स्रोताचाही हिशेब मांडणे आवश्यक आहे.