निळ्या पाकिटाची धास्ती

सरकारकडून ठरल्यापेक्षा जास्त पैसे आले म्हणून एखाद्या बाईची झोप उडाली, असे आपल्या मांडवीत कुणाला सांगितले तर तो हसेल. हक्काचे पैसे सुटावेत म्हणून कचेरीचे उंबरठे झिजवणाऱ्यांना जास्तीचे दुःख कसे कळावे? पण हॉलंडमध्ये, मूल पाळणाघरात ठेवून एकटीने नोकरी करणाऱ्या आईला हे विचारून पाहावे. तिकडच्या करखात्याची पत्रे निळ्या पाकिटातून येतात. दारात ते पाकीट पडलेले दिसले की ती आधी मनातल्या मनात आकडेमोड करते, आणि मग फोडते.

याचे मूळ हिशेबाच्या पद्धतीत आहे. २००५ साली तेथे नवा कायदा अमलात आला आणि पाळणाघराच्या खर्चासाठीची सरकारी मदत थेट आईबापांच्या खात्यात जमा होऊ लागली. उत्पन्न जितके कमी तितकी मदत जास्त. अलीकडच्या नियमांप्रमाणे अगदी कमी मिळकतीच्या घराला ठरीव दराच्या ९६ टक्क्यांपर्यंत रक्कम मिळू शकते, आणि एका मुलामागे महिन्याला फार तर २३० तास धरतात. ऐकायला किती उदार! पण महिन्याच्या २० तारखेच्या सुमारास जी रक्कम येते ती मदत नव्हे, ती उचल. यंदा मी किती मिळवीन, मूल किती तास ठेवीन, याचा अंदाज आईने आधी कळवायचा. त्या अंदाजावर उचल मिळते. खरा हिशेब वर्ष सरल्यावर. ऊसतोडणीच्या टोळीला मुकादमाची उचल ठाऊक असते, आणि ती अंगावर राहिली तर काय होते तेही ठाऊक असते. फरक एवढाच की टोळीवाल्याला उचल घेताना ती उचल आहे हे समजते. इथे पैसा हाती येतो आणि त्याच आठवड्यात पाळणाघराच्या बिलात जातो. परत मागितला तर आणायचा कुठून?

त्यात एकटीच्या संसारात अंदाज बांधणे म्हणजे वाऱ्याची मोट. दुकानात किंवा इस्पितळात पाळीने काम करणाऱ्या बाईला पुढच्या महिन्याचे तास माहीत नसतात. दिवाळीपूर्वी जशी आपल्याकडे दुकानांत जादा पाळी लागते, तशी तिकडे नाताळापूर्वी लागते. चार पैसे अधिक मिळतात आणि वर्षाचे उत्पन्न वर सरकते. म्हणजे वर्षभराची मदत थोडी थोडी जास्त घेतली असे ठरते. उलट मूल आजारी पडून तिचे काम बुडाले तरी पाळणाघराचे बिल चालूच. शिवाय २०२३ पर्यंत मदतीचे तास तिने केलेल्या कामाच्या तासांशी बांधलेले होते. काम घटले की मदतीचे तासही घटत. दोघे मिळवते असतील तर एकाची तूट दुसरा भरून काढतो. हिच्याकडे तूट भरून काढायला दुसरे कोणी नाही.

हा दोष एकट्या हॉलंडचा नव्हे. इंग्लंडात २००३ साली अशाच अंदाजी पद्धतीने कामकरी कुटुंबांना मदत सुरू झाली, तेव्हा पहिल्याच वर्षी सुमारे तिसऱ्या हिश्शाच्या प्रकरणांत रक्कम जास्त गेल्याचे निघाले. ती पद्धत एप्रिल २०२५ मध्ये बंद झाली.

पण हॉलंडमध्ये जे घडले ते वेगळेच. तिथे मदतीबरोबर पालकाने स्वतःचा थोडा वाटा भरलाच पाहिजे असा नियम होता. समजा, वर्षाचे बिल १२,००० युरो, त्यात सरकारची उचल १०,८०० आणि आईचा वाटा १,२००. तिच्याकडून त्यातले ३०० भरायचे राहिले, किंवा भरल्याची पावती सापडली नाही. तर वसुली किती व्हावी? आपला गावचा तलाठीसुद्धा सांगेल की तीनशेच्या प्रमाणात. खाते मात्र पूर्ण १०,८०० मागे. अशी तीन वर्षे निघाली की आकडा तीस हजारांवर. त्यातही ‘हेतुपुरस्सर किंवा घोर हलगर्जी’ असा शेरा पडला तर नेहमीची हप्त्यांची सवलतही नाही. एखादी सही राहून गेलेली बाई आणि खोटी कागदपत्रे रंगवणारा भामटा, दोघांना एकच तराजू. आणि प्रशासकीय दाव्यांचे तिथले सर्वोच्च न्यायालय ही वसुली वर्षानुवर्षे उचलून धरत होते. ऑक्टोबर २०१९ मध्ये त्याने भूमिका बदलली. २०२१ मध्ये आपण पालकांना संरक्षण देण्यात कमी पडलो, अशी कबुलीही दिली. कबुली दिली हे बरेच झाले, पण तोवर कित्येकांची घरे मोडली होती.

हे उजेडात आले ते आइंटहोव्हेन शहरातल्या एका पाळणा-संस्थेच्या प्रकरणातून. २०१४ साली त्या संस्थेशी संबंधित शेकडो पालकांची मदत सरसकट थांबवली गेली. एव्हा गोन्झालेस पेरेझ या वकील बाईंनी तो विषय सोडला नाही. २०१७ साली तेथील राष्ट्रीय लोकपालांनी २३२ कुटुंबांची बाजू उचलून खात्यावर ठपका ठेवला. पुढे ‘ट्राऊ’ दैनिक आणि आरटीएलचे बातमीदार मागे लागले, आणि लोकसभेत पीटर ओम्त्सिख्त व रेन्स्के लाइटेन हे दोघे, वेगवेगळ्या पक्षांचे, प्रश्न विचारून मंत्र्यांना भंडावत राहिले. खाते संशयित निवडताना नागरिकत्व पाहत होते, हेही बाहेर पडले. त्यासाठी डिसेंबर २०२१ मध्ये त्याला २७ लाख ५० हजार युरोंचा दंड झाला. बळी पडलेल्यांत परदेशी मूळ असलेले आणि एकटे पालक यांचे प्रमाण मोठे होते, यात नवल नाही.

१७ डिसेंबर २०२० रोजी संसदीय समितीचा अहवाल आला; त्याचे नावच ‘अभूतपूर्व अन्याय’. १५ जानेवारी २०२१ रोजी मार्क रुट्टे यांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. (मार्चच्या निवडणुकीत त्यांचाच पक्ष पुन्हा पहिला आला, हा राजकारणाचा भाग झाला.) प्रत्येक बाधित पालकाला ३०,००० युरो देण्याचे ठरले. आधी २६,००० पालकांचा अंदाज होता. मान्य झालेल्यांची संख्या पुढे ४०,००० च्या वर गेली. या कुटुंबांतली हजाराहून अधिक मुले सरकारी आदेशाने घराबाहेर ठेवली गेली होती. त्यांपैकी किती या कर्जापायी, यावर वाद आहे. पण कर्जबाजारी घरात भांडण, दुखणे आणि घरभाड्याची थकबाकी कशी एकामागून एक येते हे सांगायला तज्ज्ञ नको.

आज खाते मवाळ झाले आहे, पण उचलीची पद्धत तीच आहे. मदतीला पात्र असून अर्जच न करणारे पालक आहेत. परत फेडण्यापेक्षा न घेतलेली बरी, हा त्यांचा हिशेब. काहीजणी उत्पन्न मुद्दाम चढवून कळवतात, म्हणजे उचल कमी येईल आणि वर्षअखेर देण्याऐवजी घेणे निघेल. त्यासाठी दरमहा स्वतःच्या जेवणाखाण्यातून तूट सोसायची. पैसे सरळ पाळणाघरालाच द्यावेत, आईच्या हातून हिशेब काढून घ्यावा, असे सरकारने ठरवले होते. त्याला आधी २०२५ चा मुहूर्त होता. तो पुढे ढकलला गेला आहे. तोवर मिळकत बदलली की तिने खात्याला लगोलग कळवायचे, आणि पाळणाघराच्या पावत्या जपून ठेवायच्या.