पहिलं मिनिट कोणाचं?

ऑनलाइन व्याख्यान आपल्याकडे कसं सुरू होतं, हे आता सगळ्यांना पाठ झालं आहे. ‘आवाज येतो का’ची एक फेरी होते, कोणाच्या तरी उघड्या माइकमधून कुकरची शिट्टी ऐकू येते, मग प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, शब्दसुमनांनी स्वागत. विषयाला हात लागेपर्यंत पंधरा मिनिटं सरतात. मार्च २०२०च्या टाळेबंदीत विद्यापीठांपासून कृषी विज्ञान केंद्रांपर्यंत सगळेच घाईघाईने पडद्यावर आले. एकट्या झूमवरच्या रोजच्या हजेऱ्या (एकाच माणसाच्या अनेक धरून) डिसेंबर २०१९मध्ये एक कोटी होत्या, त्या एप्रिल २०२०पर्यंत तीस कोटींवर गेल्या. सभागृह सुटलं, पण कार्यक्रमपत्रिका सभागृहाचीच राहिली. खुर्चीत बसलेला माणूस शिष्टाचार म्हणून बसून राहतो. मोबाइल हातात धरलेल्यावर असलं काही बंधन नसतं. म्हणून ऑनलाइन कार्यक्रमाचं पहिलं मिनिट श्रोत्याला उत्तर द्यायला लावण्यात खर्चावं, असं माझं म्हणणं आहे. ही रीत वऱ्हाडाला परकी नाही.

एडएक्स या ऑनलाइन शिक्षणमंचावरच्या चार अभ्यासक्रमांतले व्हिडिओ ६९ लाख वेळा कसे पाहिले गेले, याचा अभ्यास २०१४मध्ये प्रसिद्ध झाला. व्हिडिओ कितीही लांब असो, पाहण्याचा मध्यक वेळ सहा मिनिटांपलीकडे जात नव्हता. ते आधी चित्रित केलेले धडे होते, थेट कार्यक्रम नव्हेत, हे मान्य. पण ज्यांनी स्वतः होऊन नाव नोंदवलं होतं त्यांची ही गत असेल, तर परिचयाच्या पंधरा मिनिटांत काय होत असेल, ते सांगायला नको.

आता त्या वऱ्हाडी रीतीसाठी गाडगेबाबांकडे या. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी १८७६मध्ये जन्मलेला हा माणूस गावात शिरला की आधी झाडू हाती घ्यायचा आणि रात्री कीर्तनाला उभा राहायचा. त्या कीर्तनाचा कणाच प्रश्नांचा होता. देव किती, कर्ज काढून सण करावा का, पोराला शाळेत घातलं का, असं साध्या वऱ्हाडी बोलीत विचारायचं आणि समोरच्या गर्दीकडून मोठ्याने उत्तर घ्यायचं. यात वक्तृत्वाच्या युक्तीपेक्षा मोठी गोष्ट आहे. आपल्याच तोंडून उत्तर निघालं की पुढचा उपदेश परका राहत नाही, माणूस त्याला आधीच अर्धा बांधला गेलेला असतो. प्रश्नही असे, की उत्तर द्यायला कोणाला पोथी उघडावी लागत नसे.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप असा, की बाबांना समोर चेहरे दिसत होते, ऑनलाइन वक्त्यापुढे काळे चौकोन असतात. आक्षेप खरा आहे. पण नोव्हेंबर १९५६मध्ये, निधनाच्या महिना-दीड महिना आधी, मुंबईत वांद्र्याला पोलिसांपुढे झालेल्या त्यांच्या कीर्तनाचं ध्वनिमुद्रण आहे. त्यात चेहरा नाही, हातवारे नाहीत, फक्त आवाज आहे. तरी आज ते ऐकणारा प्रश्न आला की मनातल्या मनात उत्तर देतोच. म्हणजे चेहरा दिसण्यापेक्षा प्रश्नाचा नेमकेपणा अधिक काम करतो. चेहऱ्यांची उणीव उरतेच, आणि ती भरायला आलेली उत्तरं मोठ्याने वाचून दाखवावी लागतात. विचारून पुढे निघून जाणं हे न विचारण्याहून वाईट.

अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या परिसरातला, कपाशीवरचा एखादा कार्यक्रम कल्पून पाहू. ‘गुलाबी बोंडअळीचे एकात्मिक व्यवस्थापन’ या पाटीऐवजी पडद्यावर एक डोमकळी, म्हणजे अळीमुळे न उमललेलं फूल, दाखवावी आणि विचारावं: असं फूल या आठवड्यात तुमच्या वावरात दिसलं का? दिसलं असेल तर १ टाका, नसेल तर २. आकडे आले की बोलण्याची दिशा ठरते. एक जास्त असतील, तर अळी शेतात शिरलीच आहे, मग फवारणीचं आधी. दोन जास्त असतील, तर कामगंध सापळे आधी, आणि सापळ्यामागे आठ पतंग सलग तीन दिवस सापडले की नुकसानीची पातळी गाठली, हे सांगायचं. वरूड-मोर्शीच्या संत्रा बागाईतदारांना असाच प्रश्न आंबिया बहाराच्या फळगळीवर विचारता येईल. उत्तराने पुढचं बोलणं बदलणार नसेल, तर तो प्रश्न विचारूच नये. ‘कसे आहात सगळे?’ हा तसला प्रश्न.

नेटवर्कचं काय, असं कोणी म्हणेल. म्हणूनच मतचाचणीच्या दुव्यांपेक्षा एक आकडा बरा. तो दुबळ्या जोडणीवरूनही जातो. मात्र आवाज उशिरा पोहोचतो, टंकायला वेळ लागतो, त्यामुळे विचारल्यावर दहा-पंधरा सेकंद गप्प राहण्याचा धीर हवा. उशिरा येणाऱ्यांसाठी थांबावं लागतं, हेही कारण देतात. तोवर तो प्रश्न पडद्यावर असू द्या, वेळेवर आलेल्यांना शिक्षा कशाला? राहिला पाहुण्यांचा मान. नाव आणि पद पडद्याच्या तळाशी सतत दिसत राहिलं तर तो पाच मिनिटांच्या परिचयाहून जास्त राखला जातो. आभार शेवटी आहेतच.

कार्यक्रमांची निमंत्रणं व्हॉट्सॲपवर फिरतात. आयोजकांनी त्यात मान्यवरांच्या यादीच्या वर तो पहिला प्रश्न छापावा, आणि ठरलेल्या वेळेला त्याच प्रश्नाने सुरुवात करावी.