सीप्झच्या गेटवर आयटीवाल्यांची एवढी गर्दी, मग कॉम्प्युटर इंजिनियर झालेल्या पोरांना नोकरी का मिळेना?

सकाळी साडेनऊच्या सुमारास अंधेरी स्टेशनला ईस्टच्या बाजूला उतरलात, की गळ्यात कंपनीचं आयकार्ड अडकवलेली गर्दी दिसते. कुणी मेट्रोचा जिना चढतंय, कुणी सीप्झची बस पकडतंय, कुणी शेअर रिक्षाच्या लाईनीत उभं आहे. यातली बरीच पोरं-पोरी विरार, नाहीतर बदलापूरवरून आलेली असतात आणि कोडिंग करून घर चालवतात.

पण या गर्दीत नव्याने घुसणं गेल्या दोन-तीन वर्षांत अवघड झालंय. चार वर्षं फी भरून डिग्री घेतलेली पोरं घरी बसली, की नातेवाईक म्हणतात, "अभ्यास कमी पडला असेल." विषय तेवढा सोपा नाही. तो समजून घ्यायचा तर याच सीप्झमध्ये पन्नास वर्षं मागं जावं लागतं.

सीप्झ म्हणजे सांताक्रूझ इलेक्ट्रॉनिक्स एक्सपोर्ट प्रोसेसिंग झोन. नावात सांताक्रूझ असलं तरी जागा अंधेरी ईस्टची. १९७३ मध्ये केंद्र सरकारने निर्यातीसाठी हा पट्टा उभा केला. त्या काळात परदेशातून कॉम्प्युटर आणायचा म्हणजे परवाना, जकात आणि परकीय चलन अशी तिहेरी डोकेदुखी असायची. त्यावर तोड निघाली. मशीन आणा, पण त्याच्या बदल्यात सॉफ्टवेअर निर्यात करून डॉलर कमवून द्या. टाटांनी अमेरिकेच्या बरोज कंपनीशी हातमिळवणी केली आणि टाटा बरोज ही कंपनी सीप्झमधून काम करू लागली. पुढे नाव बदलत बदलत ती टाटा इन्फोटेक झाली आणि शेवटी टीसीएसमध्ये विलीन झाली. पटनी कॉम्प्युटर्स, डेटामॅटिक्स ही नावंही याच सीप्झ-एमआयडीसीच्या पट्ट्यातली. बंगळुरू आयटीची राजधानी व्हायच्या आधीची ही गोष्ट आहे.

आता या कंपन्या नेमकं विकत काय होत्या? तर माणसांचे तास. समजा अमेरिकेतल्या एखाद्या बँकेला पन्नास माणसांचं काम आहे. कंपनी पन्नास माणसं देणार आणि प्रत्येकाच्या तासाचं बिल लावणार. जितकी डोकी जास्त, तितकी कमाई जास्त.

हे गणित जमायला पिरॅमिड लागतो. वर थोडे महागडे मॅनेजर, मध्ये टीम लीड आणि तळाला स्वस्तातले शेकडो फ्रेशर. नफ्याचा मोठा भाग या तळातून येतो. म्हणूनच कॉलेजात येऊन एकाच दिवशी शेकडो पोरं उचलली जायची. मेकॅनिकल, सिव्हिलवाल्यांनाही घ्यायचे, तीन-चार महिने ट्रेनिंग द्यायचे, काम नसेल तर बेंचवर बसवून ठेवायचे. माणूस हाताशी असणं हाच धंदा होता.

या मॉडेलचा शेवटचा मोठा जल्लोष कोविडनंतर झाला. जगभरच्या कंपन्या एकदम ऑनलाईन आल्या आणि माणसं कमी पडायला लागली. २०२१-२२ या एका आर्थिक वर्षात टीसीएसने एक लाखाहून जास्त फ्रेशर घेतले. पोरं खिशात तीन-तीन ऑफर लेटर घेऊन फिरत होती. सप्टेंबर २०२२ पर्यंत टीसीएसमध्ये नोकरी सोडून जाण्याचं वार्षिक प्रमाण २१ टक्क्यांच्या वर गेलं होतं.

मग अमेरिकेत व्याजदर वाढले, क्लायंटने खर्चाला कात्री लावली. २०२३-२४ मध्ये टीसीएसची माणसं १३,२४९ ने कमी झाली. २००४ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली, तेव्हापासून असं पहिल्यांदाच घडलं. इन्फोसिसची तर त्याच वर्षात जवळपास २६ हजार माणसं कमी झाली. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे २ टक्के, म्हणजे १२ हजारांच्या आसपास माणसं काढणार असल्याचं जाहीर केलं. त्यात जास्त करून मधल्या आणि वरच्या फळीचे लोक होते. सप्टेंबरअखेर कंपनीत ५,९३,३१४ माणसं उरली, जूनपेक्षा जवळपास वीस हजार कमी.

हे एआयमुळे झालं का? टीसीएसचे सीईओ के. कृतिवासन यांनी नाही म्हणून सांगितलं. लोकांकडची कौशल्यं आणि हातातलं काम यांचा मेळ बसत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. ते मान्य केलं तरी अर्धीच गोष्ट कळते.

कारण एआय थेट माणसाच्या खुर्चीवर येऊन बसत नाही, ते आधी बिलावर येतं. क्लायंट म्हणतो, तुमची पोरं टूल वापरून दहा तासांचं काम सात तासांत करतात, मग मी दहा तासांचे पैसे का देऊ? बिल तासावर असेल, तर काम वेगात होणं कंपनीलाच महागात पडतं. त्यात फ्रेशरला सुरुवातीला मिळणारी कामं बघा. छोटे बग काढणं, टेस्ट केस लिहिणं, जुना कोड नव्या भाषेत आणणं, डॉक्युमेंटेशन. या सगळ्याचा कच्चा मसुदा आता टूल काढून देतं. तळ अरुंद झाला, की त्या तळाला सांभाळणाऱ्या मॅनेजरचंही काम कमी होतं. पंचेचाळिशीतल्या काकांची नोकरी जाणं आणि बावीस वर्षांच्या पुतण्याला न मिळणं, या दोन गोष्टी अशा एकमेकींत अडकल्यात.

बेंचचे दिवसही संपले. टीसीएसच्या जून २०२५ च्या नियमानुसार कर्मचाऱ्याने वर्षात किमान २२५ दिवस क्लायंटच्या बिलावर असायला हवं, बेंचवर जास्तीत जास्त ३५ दिवस.

आणि पगार? टीसीएसच्या साध्या एंट्री लेव्हलची ऑफर वर्षाला ३ लाख ३६ हजार, म्हणजे महिन्याला २८ हजार. त्यातून कापाकापी होऊन हातात येणार ते वेगळंच. दहा-बारा वर्षांपूर्वीचे फ्रेशरही तीन-साडेतीन लाखांचाच आकडा सांगतात. तेव्हाचं अंधेरीतलं भाडं आणि आताचं, हे मात्र कुणी विचारू नये.

मग नोकऱ्या संपल्या का? नाही, पण पत्ता बदललाय. अंधेरीहून लोकलने तीन स्टेशनं पुढं गोरेगावला निरलॉन नॉलेज पार्क आहे. एकेकाळी इथं निरलॉनचा नायलॉनचा कारखाना होता, आता जेपी मॉर्गन, मॉर्गन स्टॅनली, डॉइश बँक यांची ऑफिसं आहेत. या बँका काम आयटी कंपनीला न देता स्वतःचीच माणसं ठेवून करून घेतात. अशा ऑफिसांना जीसीसी, म्हणजे ग्लोबल कॅपेबिलिटी सेंटर म्हणतात. नॅसकॉम-झिनोव्हच्या अहवालानुसार २०२४ मध्ये देशात अशी १,७०० हून जास्त सेंटर होती आणि त्यात १९ लाख लोक काम करत होते. पगार बरा असतो. पण इथं शेकड्याने भरती होत नाही, मोजकी माणसं घेतात आणि त्यांना पहिल्या दिवसापासून काम येणं अपेक्षित असतं.

मुंबईच्या पोरांची एक जमेची बाजू इथं कामाला येते, ती म्हणजे बँक, विमा आणि शेअर बाजार. जावा येणारे हजारो आहेत. पण पैसे पाठवताना व्यवहार मध्येच अडकला तर तो सिस्टीममध्ये कुठे उलटवायचा, हे सांगू शकणारे कमी आहेत. एआयने लिहिलेला कोड समोर ठेवून "यात चूक कुठे आहे?" असं विचारलं, तर उत्तर देता येणं हे सर्टिफिकेटच्या गठ्ठ्यापेक्षा जास्त उपयोगी पडतं.

अडचण अशी, की नोकरी मिळेना झाली की वेगळाच बाजार सुरू होतो. 'शंभर टक्के प्लेसमेंट'चे बोर्ड, व्हॉट्सॲपवर येणारी ऑफर लेटर, "मोठ्या कंपनीत आतून सेटिंग आहे, दीड लाख लागतील" असं सांगणारे फोन. घरच्यांनी एफडी मोडायच्या आधी एवढं बघावं : टीसीएससारख्या कंपन्या स्वतःच्या वेबसाईटवर स्पष्ट सांगतात, की भरतीसाठी उमेदवाराकडून कुठलेही पैसे घेतले जात नाहीत. लेटर आलंच, तर ते पाठवणाऱ्याचा ईमेल कंपनीच्या स्वतःच्या डोमेनवरून आलाय का ते तपासा आणि नंबर त्या लेटरवरचा न घेता कंपनीच्या साईटवरचा घेऊन फोन करा. पैसे भरून झाले असतील, तर सायबर फसवणुकीसाठी १९३० हा हेल्पलाईन नंबर आहे. जितक्या लवकर फोन जाईल, तितकी पुढच्या खात्यात पैसे अडवले जायची शक्यता जास्त.